आज्जीचा आवाज कुठं गेला?

"सोम्या, स्पीकर खिडकीत ठेव! खिडकीत म्हटलं, खिडकीबाहेर न्हाय!"

प्रेरणा ओरडत होती आणि तिचा दहा वर्षांचा चुलतभाऊ सोमशेखर वायरीत पाय अडकवून उभा होता. दसऱ्याची सुट्टी, त्यात संध्याकाळी घरी हादगा! भिंतीवर दोन हत्तींचं चित्र लागलं होतं. पाचला गल्लीतल्या मुली येणार होत्या. शेजारचा राजवीर खिरापतीचा डबा कानाशी धरून हलवत होता.

"करंज्या!" तो जाहीर करून मोकळा झाला.

"खिरापत आम्ही मुली ओळखणार. तू डबा ठेव आधी खाली!"

यंदाचा हादगा साधासुधा नव्हता. प्रेरणाची आज्जी, हिराबाई, हादग्याची गाणी स्वतः रचायची. दरवर्षी नवी! मराठी गाण्यात मध्येच एखादी कानडी ओळ यायची, कारण आज्जीचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं. ती गाणी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. गेल्या वर्षी आज्जीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या आधी प्रेरणानं तिला कॉम्प्युटरसमोर बसवून सगळी गाणी माइकवर भरून घेतली होती. पेनड्राइव्हवर घेऊ, घेऊ म्हणत ती तिथंच राहिली. आज त्याच गाण्यांवर फेर धरायचा बेत होता आणि आज्जीला त्याचा पत्ताही नव्हता. ती दारात बसून झेंडूच्या माळा ओवत होती. शेजारी तिची पाटी. आता तिचं सगळं बोलणं त्या पाटीवरच चालायचं.

प्रेरणानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली. चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही! तिनं बंद करून पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदाही तेच!

"काका!"

चन्नूकाका, म्हणजे सोमूचे वडील चनबसाप्पा, धावत आले. घरची कांदा-लसूण चटणी त्यांची. चटणीच्या पाकिटांची लेबलं ते ह्याच कॉम्प्युटरवर काढायचे.

"अरं, कालच पूजा केली की ह्याची!" ते म्हणाले.

पूजा केली होती हे खरं. काल खंडेनवमी होती. घरात जे जे म्हणून कामाला येतं ते सगळं काकांनी पुसून, धुऊन, हळदकुंकू लावून मांडलं होतं. चटणी कुटायचं मशीन, स्कूटर, तराजू आणि हा कॉम्प्युटर! त्याचं तर झाकण उघडून त्यांनी पंक्चरवाल्याकडच्या हवेनं आतली धूळ उडवली होती.

काकांनी गल्लीतल्या विजयसिंहाला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं. अंगात रेशमी कुर्ता, लक्ष दसरा चौकातल्या सोहळ्याकडं! त्यानं उभ्याउभ्या पडद्याकडं एक नजर टाकली.

"डिस्क गेली, काका. फॉरमॅट मारून बघतो. आतलं सगळं पुसायचं, नवीन भरायचं. महत्त्वाचं काय हाय का आत?"

"महत्त्वाचं कसलं! लेबलं हायत चटणीची," काका म्हणाले.

"हाय की महत्त्वाचं!" प्रेरणा किंचाळली. "आज्जीची गाणी हायत!"

"गाणी व्हय? मोबाईलवर ढिगानं मिळत्यात!" विजयसिंह हसला. "पेनड्राइव्ह घेऊन आलोच तासाभरात."

तो गेला आणि काकाही मान हलवत आत गेले. मोठ्या माणसांचं हे असं असतं! आपली लेबलं परत छापता येतात हे त्यांना कळतं, पण आज्जी परत गाऊ शकत नाही हे ध्यानातच येत नाही!

प्रेरणा खाली बसली आणि रडू लागली. इतका वेळ दारातून सगळं ऐकणारी आज्जी उठून आली. तिनं पाटीवर सावकाश लिहिलं, 'जाऊ दे, बाळ.'

ते वाचून प्रेरणाला जास्तच रडू आलं. आज्जी रागावली असती तरी चाललं असतं. पण तिनं किती सहज सोडून दिलं! आवाज एकदा गळ्यातून गेला, आता इथूनही गेला. उरलं काय? पाटीवरची खडूची अक्षरं.

"प्रेरणा, आज तारीख कुठली?" राजवीरनं मध्येच विचारलं.

"गप रे."

"अगं बघ की! मी एक बटण दाबून ठेवलं तर हे निळं पान उघडलं. ह्याच्यात दोन हजार चौदा सालचा जानेवारी चाललाय!"

"कॉम्प्युटर यडा झालाय," सोमूनं निकाल दिला.

प्रेरणा नाक पुसत उठली. निळ्या पानावर कॉम्प्युटरच्या आतल्या सामानाची नावं होती. त्यात खाली एक ओळ पाहून ती थबकली.

"हे डिस्कचं नाव! राजवीर, गेलेल्या डिस्कचं नाव कसं काय दिसंल?"

"म्हंजे डिस्क जिवंत हाय?"

"हाय! विजयदादानं हे पान उघडलंच न्हाय! ह्याला नुसता विसर पडलाय. तारीख विसरला तसा, डिस्क कशी चालू करायची तेही विसरलाय!"

शाळेतल्या संयोगिता मॅडमचा नियम प्रेरणाला पाठ होता. आधी फोटो काढा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला, जमलं नाही तर पहिल्यासारखी करा. राजवीरनं त्याच्या आईच्या मोबाईलवर पानाचे फोटो काढले. प्रेरणानं एक गोष्ट बदलली. काळा पडदा. ती परत जागेवर ठेवून दुसरी बदलली. काळा पडदा! तिसरी. पुन्हा तेच!

शेवटी डिस्क सुरू करायच्या पद्धतीची ओळ राहिली. तिथं दोनच पर्याय होते, एक नवी पद्धत आणि एक जुनी. कॉम्प्युटर नव्या पद्धतीवर जाऊन बसला होता.

"पप्पांनी हा सेकंडहँड घेतलाय," सोमू म्हणाला. "माझ्यापेक्षा म्हातारा हाय."

"मग जुनी पद्धत!"

पडदा काळा झाला, क्षणभर तसाच राहिला आणि मग ओळखीचं निळं चिन्ह उमटलं!

"आलं! आलं!" सोमूनं उडी मारली.

आणि लाईट गेली.

पाच मिनिटांनी आली तेव्हा पडद्यावर तीच पांढरी अक्षरं होती. पान उघडलं तर पुन्हा दोन हजार चौदा, पुन्हा नवी पद्धत. प्रेरणानं दात आवळून सगळं परत बदललं. निळं चिन्ह आलं आणि पुन्हा लाईट गेली! म्हणजे पुन्हा सगळा विसर!

आता मात्र प्रेरणानं हात टेकले. ती भिंतीला टेकून हत्तींच्या चित्राखाली बसून राहिली. बाहेर मुलींचे आवाज येऊ लागले होते. विजयसिंह कोणत्याही क्षणी आला असता, अक्षरं बघून त्यानं सगळं पुसलं असतं आणि कुणाला काहीच वाटलं नसतं.

"जमणार न्हाय रे," ती म्हणाली. "संपलं सगळं."

सोमू गुडघ्यावर बसून कॉम्प्युटरच्या पोटात डोकावत होता. काकांनी साफसफाईनंतर झाकणाचे स्क्रू लावलेच नव्हते, ते नुसतं टेकवलं होतं.

"दीदी, इथं एक गोल घर रिकामं हाय. रुपयाएवढं."

राजवीरनं वाकून पाहिलं. "लाईट गेली की ह्याला विसर पडतोय... म्हंजे आठवण ठेवायला ह्याला सेल लागत असणार! घड्याळागत! मग सेल कुठं गेला?"

घरात लाईट नव्हती. बिनखिडकीच्या देवघरात अंधार होता आणि त्या अंधारात एकच पणती लुकलुकत होती. बॅटरीवर चालणारी!

सोमू तिच्याकडं बघतच राहिला. "दीदी, ती पणती परवा बंद पडलेली. काल परत कशी लागली?"

तिघंही एकदमच उठले आणि काकांना हाका मारत देवघरात धावले.

नवरात्राच्या दिव्याला तेल घालायला आज्जी दरवर्षी रात्री उठायची. यंदा तिला ते झेपत नव्हतं, म्हणून काकांनी बॅटरीची पणती आणली होती.

"काका, पणतीत सेल कुठला घातला?"

"कॉम्प्युटरातला!" काका अभिमानानं म्हणाले. "कॉम्प्युटर तर लाईटवर चालतोय की! त्याला सेल कशाला? आत उगंच पडून हाय म्हटलं, देवाच्या कामी तरी यील!"

"काका, त्याच सेलवर त्याची सगळी आठवण हाय! तो द्या!"

"आता कसा देऊ? संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय नवरात्राचा दिवा विझवायचा न्हाय. दुकानंबी बंद हायत आज. उद्या बघू."

"उद्यापर्यंत विजयदादा सगळं पुसून टाकंल!"

"देवापुढचा दिवा हाय, पोरी! मी न्हाय विझवणार!"

दिवा विझवा असं तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

पावलं वाजली. आज्जी देवघरात आली होती. तिनं कोनाड्यातली मातीची पणती काढली, तेल ओतलं, वात भिजवली आणि ती लावून देवापुढं ठेवली. मग बॅटरीची पणती उचलून प्रेरणाच्या हातात दिली.

काकांनी डोक्याला हात लावला. "आता हे मला का सुचलं न्हाय?"

कॉम्प्युटरची पिन काढून राजवीरनं सेल त्या गोल घरात दाबून बसवला. तेवढ्यात लाईट आली आणि दारात पेनड्राइव्ह फिरवत विजयसिंहही आला.

"सरका, पोरांनो."

"दोन मिनिटं थांबा, विजयदादा," प्रेरणा म्हणाली. तिनं पिन परत लावली, तारीख नीट केली, जुनी पद्धत निवडली आणि सगळं जपून ठेवलं. निळं चिन्ह आलं! पाठोपाठ चटणीच्या लेबलांनी भरलेला पडदा आला! त्याच क्षणी राजवीरनं भिंतीतली पिन खस्सकन उपसली.

"अरं यड्या! काय केलंस?" काका ओरडले.

"लाईट घालवून बघितली," राजवीर म्हणाला आणि त्यानं पिन परत लावली. प्रेरणानं बटण दाबलं. कॉम्प्युटर कुणी काही न बदलता आपला आपण सुरू झाला!

विजयसिंहानं पेनड्राइव्ह खिशात घालायला घेतला, मग थांबून तो प्रेरणापुढं धरला. "ह्याच्यावर घे गाणी. मी ते निळं पान उघडायलाच पायजे होतं. भारी डोकं चालवलंत!"

"आणि मी त्या खोक्याला परत हात लावणार न्हाय," काका म्हणाले. त्यांनी तिघांच्याही पाठी थोपटल्या. "शाबास रे माझ्या वाघांनो!"

मुलींनी हत्तींच्या चित्राला माळ घातली आणि फेर धरला. खिडकीतल्या स्पीकरमधून आधी एक खोकला आला. मग आवाज आला, खणखणीत, वरच्या पट्टीतला.

उसाच्या फडात हत्ती शिरला,
पाटाचं पाणी पिऊन फिरला...

माळ ओवणारी आज्जीची बोटं थांबली. ती स्पीकरकडं बघत राहिली. हळूहळू तिचे ओठ हलू लागले, शब्दाला शब्द जुळवत. काकांनी तोंड फिरवून डोळे पुसले. प्रेरणा आज्जीजवळ जाऊन बसली. आता दोघीही रडत होत्या.

आज्जीनं पाटी ओढली. 'जाऊ दे, बाळ' अजून तिथंच होतं. तिनं ते पदरानं पुसून काढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं,

'आवाज वाढव!'