धरलेलं कोपर

कॅमेरा स्थिर धरणं ही काही जादू नाही. कोपरं बरगड्यांना टेकवायची, अर्धा श्वास सोडायचा आणि बटण हळूच दाबायचं. वीस वर्षं मी कारखान्याचे फोटो असेच काढतो. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या खात्यात मात्र उजेड कमी आणि हादरे फार. तिथे स्टँडही थरथरतो. मग प्रेसवरचा म्हातारा कारागीर माझं उजवं कोपर तळहातावर तोलून धरायचा. "काढा साहेब, स्टँड हजर आहे," म्हणायचा.

तो त्याच प्रेसखाली सापडून गेला. काम लवकर उरकावं म्हणून मॅनेजरने मशीनची हात आत जाऊ न देणारी जाळी काढून ठेवली होती. मॅनेजर म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ.

"भाऊजी, जाळी नाही हे फोटोत दिसलं तर मी तुरुंगात. ताईचा विचार करा."

अपघाताचे फोटो काढताना मी मुद्दाम हात हलवला. चौकशीत फोटो धूसर निघाले, आणि खापर मेलेल्याच्या डोक्यावर फुटलं. मला लाज वाटली, पण मूग गिळून बसलो.

त्याची बायको फाटकापाशी भेटली. "हात हलला म्हणे तुमचा."

"हो, वहिनी."

"ह्यांनी धरल्यावर कधी हलला होता? आता नाही हलणार."

आठवड्याने मी प्रेसचा एक फोटो नुसत्या हातात धरून, पूर्ण एक सेकंद शटर उघडं ठेवून काढला. असा फोटो हलतोच. यात बोल्टचे आटे मोजता येत होते. मी स्वतःवरच खूश झालो.

"या उजव्याच बाहीला ग्रीस कसं लागतं हो?" कपडे भिजवताना बायकोने विचारलं.

पुढच्या महिन्यात नवी जाळी आली. भर दुपारी तिचे फोटो काढत होतो. मशीन बंद होतं. अडकलेला पत्रा काढायला मेहुण्याने जाळी उचलून हात आत घातला.

मशीन सुरू झालं.

ते थांबवायचं लाल बटण माझ्यापासून वीतभर होतं.

कोपर सुटेना.

मी ओरडलो, हिसके दिले. हात जागचे हलले नाहीत. कॅमेऱ्याच्या बटणावरचं बोट तेवढं हळूच दाबलं गेलं.

मेहुणा वाचला नाही. तो फोटो बायकोने मागून घेतला. एका सेकंदाचा, तरी त्याच्या कपाळावरचा घामाचा थेंबन्‌थेंब स्पष्ट आहे.

"हा कोणाकडे बघतोय?" तिने विचारलं.

मशीनकडे नाही. माझ्याकडेही नाही. माझ्या उजव्या खांद्याच्या जरा मागे बघतोय, आणि मोकळा राहिलेला हात त्याने माफी मागायला उचललाय.