बेचकीचा दांडा

कृत्तिकाच्या पायांवर निळे-जांभळे डाग उठले होते. कोल्हापुरातल्या मुलींच्या फुटबॉल संघाची ती गोलरक्षक, तेव्हा पडणं-आपटणं रोजचंच. पण आठवडाभर परीक्षेमुळे सराव नव्हता, आणि डाग मात्र वाढतच चालले होते. प्रशिक्षक बाईंनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी कुणी मारतं का गं?"

"नाही हो, बाई." न लागताच डाग कसे, हे तिलाही कळेना.

रक्त तपासलं, तेव्हा प्लेटलेट (रक्त गोठवून गळती बुजवणाऱ्या सूक्ष्म चकत्या) जेमतेम नऊ हजार निघाल्या. असायला हव्यात दीड लाखाच्या वर. डॉक्टरांनी खेळ बंद केला. हाडांच्या मगजात चकत्या तर भराभर तयार होत होत्या. मग त्या जात होत्या कुठे?

कृत्तिकाची मंदाआत्या पेशींवर संशोधन करायची. तिने भाचीला थेट प्रयोगशाळेतच नेलं. तिथल्या चिमटा नावाच्या यंत्रमानवाने काचपट्टीवर भक्षक पेशी (जंतूंना गिळणाऱ्या पेशी) सोडल्या. कृत्तिकाच्याच, आधी घेऊन ठेवलेल्या रक्तातून त्या वाढवल्या होत्या. मग त्याने तिच्या रक्ताचा एक थेंब टाकला.

भिंतभर पडद्यावर एक चकती तरंगत आली. भल्यामोठ्या पेशीने तिला ओढलं आणि गट्ट केलं.

"आत्या, ही तर माझीच प्लेटलेट खातेय." कृत्तिका खुर्चीतून उठलीच.

"चिमटा, मोठं करून दाखव," आत्या म्हणाली.

आता दिसलं, की चकतीवर गलोलीच्या बेचकीसारखं काहीतरी जागोजागी चिकटलंय. दोन टोकं चकतीत रुतलेली, दांडा बाहेर.

"हे प्रतिपिंड (जंतूला ओळखून धरणारं प्रथिन)," आत्या सांगू लागली. "दोन टोकांनी ते जंतूला धरतं, दांडा मोकळा ठेवतं. भक्षक पेशीच्या अंगावर तो दांडा पकडणारे ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरचे रेणू) असतात. पुष्कळ दांडे हाताला लागले, की ग्राही आत निरोप धाडतात: गिळ."

"दांड्याच्या टोकाला काय आहे, ते बघत नाहीत?"

"नाही. एरवी तिथे जंतूच असतो, म्हणून निभावतं. तुझ्या शरीरात काही प्रतिपिंडं चुकून तुझ्याच प्लेटलेटना चिकटलीत. कुणाच्या सांध्यांना चिकटली, तर सांधे सुजतात. याला म्हणतात स्वयंप्रतिकार आजार (शरीराने स्वतःवरच केलेला हल्ला)."

कृत्तिका पडद्यासमोर येरझाऱ्या घालू लागली. मग एकदम थांबली. "चिकटली तर चिकटू देत. पण दांडा पकडताच आला नाही तर?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "तीन वर्षं आम्ही त्याच्याच मागे आहोत. ग्राहींवर बसून त्यांना झाकून टाकणारं औषध. चिमटा, घाल एक थेंब."

चिमट्याने औषधाचा थेंब सोडला. एक चकती आली, पेशीला घासली आणि पुढे निघून गेली. तिच्यामागून दुसरी, तिसरी.

"दहा मिनिटांत गिळलेल्या चकत्या," चिमटा म्हणाला, "औषधाआधी एक्केचाळीस, औषधानंतर तीन."

"मग मला आजच दे."

"असं नाही चालत. सगळे ग्राही झाकले, तर जंतूंना रान मोकळं. म्हणून थोडेच झाकायचे, थोडेच दिवस, आणि तेही तुझ्या डॉक्टरांच्या नजरेखाली."

डॉक्टरांनी औषधाच्या चाचणीत तिचं नाव घातलं आणि औषध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात आकडा हललाच नाही, आणि आईला जेवण गोड लागेना. तिसऱ्या आठवड्यात मात्र प्लेटलेट ब्याऐंशी हजारांवर गेल्या. त्या दिवशी कृत्तिका पेढे घेऊन प्रयोगशाळेत गेली, पण तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं.

"आत्या, सगळे ग्राही 'गिळ' असंच सांगतात का?"

"एक जात उलटं सांगते. थांब, म्हणते. काही आजारांत तीच कमी पडते, असं दिसतंय. तिला बळ कसं द्यायचं, हे अजून कुणालाच नीट साधलेलं नाही."

कृत्तिकाने पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला आणि स्टूल पडद्याजवळ ओढलं.

"कुठली ती? मला दाखव."