मंगळवारचे मोकळे तास

डेर्लिस सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते माझ्या मातीत उभे होते. खरंच सांगते. शाळेच्या मागच्या व्हरांड्यात मी टबात माती भिजत घातली होती. हे नवे गणिताचे सर भिंतीवरची सूचना वाचत मागे मागे सरकले आणि... एक पाय घोट्यापर्यंत आत. फेब्रुवारीतलं ऊन, शाळा सुरू व्हायला दहा दिवस, आणि ह्यांचा कोरा करकरीत बूट.

"थंडगार आहे," ते म्हणाले. पाय काढायचं नाव नाही.

"माझी माती आहे ती, सर. मळायची आहे अजून."

"मग मळून देतो की."

मला हसू आलं, आणि तिथेच मी फसले.

आमच्या अरेग्वा गावात गल्लोगल्ली कुंभारांच्या भट्ट्या, पण शाळेच्या आठवड्यात मातीला जागा नाही. मी चित्रकलेची बाई. पाच वर्षं मुख्याध्यापिका झुनिल्दाबाईंच्या मागे लागले होते की मला सलग दोन तास द्या. एकेका सुट्या तासात पोरांची माती मळून होते न होते तोच घंटा वाजते. यंदा त्या कबूल झाल्या. फक्त तिसरीला, मंगळवारी आणि गुरुवारी, तेही सगळ्या विषयांचा तोल सांभाळून बसलं तर.

तो तोल सांभाळून वेळापत्रकाचा आराखडा करायचं काम डेर्लिस सरांकडे आलं, मदतीला मी. त्यांनी प्रत्येक वर्गाच्या आठवड्यासाठी पाच दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कागद टांगले. निळं गणित, लाल स्पॅनिश, पिवळी आमची घरची भाषा ग्वारानी, हिरवा खेळ, तपकिरी माझी माती. चार दिवस आम्ही भांडलो. खेळून घामाघूम झालेल्या पोरांना लगेच भागाकार द्यायचा का? ग्वारानीला स्पॅनिशइतकेच तास का नकोत? दोघांचे हात एकाच चिमट्याकडे जायचे...

"तुमचा हात मधे येतोय," मी म्हणायची.

"आराखड्यातच तसं आहे," ते म्हणायचे.

तेरेरे, म्हणजे आमचा पाल्याचा गार चहा, तेच भरायचे. बर्फाचं पाणी, शिंगाचा पेला, सगळ्यांत मिळून एकच नळी. ज्याला पुरे झालं त्यानं 'आभार' म्हणायचं, मग त्याच्याकडे पेला पुन्हा येत नाही. त्या चार दिवसांत मी एकदाही आभार म्हटलं नाही.

आणि गुरुवारी दुपारी मला ते दिसलं.

मी तिसरीला मातीसाठी घेतलं की त्यांच्या वर्गबाई मोकळ्या. वर्गबाई म्हणजे लिझ. मोकळे केस, खळखळून हसणं, बोलताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवायची सवय. आणि डेर्लिस सरांचे मोकळे तास? तेच. मंगळवारचे दोन, गुरुवारचे दोन, चारच्या चार! ते जुळवायला त्यांनी तिसरीतला स्वतःच्या गणिताचा एक ताससुद्धा काढून टाकला होता. गणिताचा मास्तर आपला तास सोडतो? फुकट?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मी तिकडे अडतीस पोरांबरोबर कोपरापर्यंत मातीत, आणि माझ्याच जिवावर हे दोघं आंब्याखाली पेला फिरवत बसणार. काल ह्यांनी तिला कलिंगडाची मधली फोड दिली होती. मी ते विसरायचं ठरवलं होतं, पण कसलं विसरतेय.

त्यांनी पेला पुढे केला.

"आभार," मी म्हटलं.

त्यांचा हात तसाच राहिला.

ते घरी गेल्यावर मी खुर्चीवर चढले. चारही तपकिरी कागद काढले आणि चार वेगवेगळ्या वारांना एकेक टांगले. लिझचे मोकळे तास विखुरले. पाच वर्षं भांडून मिळवलेले सलग तास मी स्वतःच्या हाताने तोडले, आणि खोटं कशाला बोलू, तासभर फार गार वाटलं. मग घरी जेवण गेलं नाही.

शुक्रवारी झुनिल्दाबाई सही करायला आल्या. लिझ होती, डेर्लिस सर होते. बाईंनी चष्मा खाली ओढून दोऱ्या पाहिल्या आणि मातीचे तास कुणी फोडले म्हणून विचारलं.

"मी," मी म्हटलं. "तोल साधायला."

"एका तासात माती मळून होत नाही," डेर्लिस सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत मला."

आता गप्प बसावं की नाही? पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, काही लोकांना एकत्र मोकळं व्हायची फार घाई होती, त्यांनी आता रविवारी बसावं.

लिझनं आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझ्याबरोबर? अगं बये, हा माणूस माझ्याशी फक्त तुझ्याबद्दल बोलतो. जीव नकोसा केलाय माझा."

झुनिल्दाबाईंनी पेनाचं टोपण परत लावलं.

"मी आंब्याखाली बसणार नव्हतो," डेर्लिस सर म्हणाले. कान लालभडक. "तिसरीत बसणार होतो. मागच्या बाकावर... पोरांबरोबर. तुम्ही माती शिकवणार तेवढाच वेळ मोकळा ठेवला होता मी. टबात पाय घातला त्या दिवसापासून..."

लिझ मोकळी, सर मोकळे, सगळं बघितलं होतं मी. त्याच तासाला तिसरीत कोण असणार होतं, तेवढंच बघितलं नव्हतं.

मी खुर्चीवर चढले. चार तपकिरी कागद काढले. चिमटे हातातून दोनदा पडले, दोन्ही वेळा त्यांनीच उचलून दिले. मंगळवारी दोन, गुरुवारी दोन, लागून. झुनिल्दाबाईंनी आराखड्यावर सही केली आणि लिझला दंडाला धरून बाहेर नेलं.

त्यांनी पेला भरला. पुढे करावा की नाही, कळत नव्हतं त्यांना. मीच हात पुढे केला. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, नळीचा आवाज येईपर्यंत, आणि पेला त्यांच्या हातात परत दिला.

आभार म्हटलं नाही.