डावीकडे वळताना

"आधी किल्ली फिरवून बघ," सपना म्हणाली.

प्रशीलनं किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. मीटरचा दिवा लागला नाही, हॉर्नही वाजला नाही.

"बॅटरी बसलीय. हिवाळ्यापासून उभी आहे ना." सपनानं सीटखालचा बोल्ट काढला आणि आत डोकावून पाहिलं. "तारा तरी जागेवर दिसतायत. तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून करंट घेऊ."

"पप्पांना कळलं तर?"

"ते ड्युटीवरून संध्याकाळी येतील. तोवर कळेल, युवराजदादा खरं बोलतो की नाही."

प्रशीलनं मान डोलावली. त्यालाही तेवढंच हवं होतं.

धुळ्याला देवपुरात, त्यांच्या घरामागच्या पत्र्याखाली ती मोटारसायकल उभी होती. तांबडी, दोन सिलिंडरची, जुनी इटालियन. गल्लीत सगळे तिला 'इटालियन' असंच म्हणायचे. प्रशीलचा मोठा भाऊ युवराज यानं ती नाशिकच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती आणि वर्षभर घरीच खोलून, पुसून, जोडून चालती केली होती. आता तिचं मागचं मडगार्ड चेपलं होतं. टेललाइटच्या जागी नुसतं भोक होतं.

हिवाळ्यात एके दिवशी साक्री रस्त्यावरच्या पेट्रोल पंपातून युवराज बाहेर पडला, तेव्हा अंधार पडू लागला होता. मागे त्याचा मित्र भटू बसला होता. गाडी डावीकडे हायवेवर आली आणि मागून ट्रकनं उडवली. भटू जागीच गेला. युवराजच्या पायात सळई बसवली.

ट्रकवाला म्हणाला, गाडीला दिवाच नव्हता. युवराज म्हणाला, गाडी आपोआप बंद पडली, दिवेही गेले. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. प्रशीलचे वडील मोतीलाल एसटीत ड्रायव्हर होते. ते दवाखान्यातच म्हणाले होते, "इतकी वर्षं स्टिअरिंग हातात आहे माझ्या. गाडी आपोआप बंद पडत नसते. माणूस चुकतो."

युवराजवर केस झाली. पंचनामा करून पोलिसांनी गाडी परत दिली. पहिले काही आठवडे तो तेच तेच सांगत राहिला. मग एक दिवस तो म्हणाला, "माझंच चुकलं असेल." त्यानंतर तो फारसं बोललाच नाही. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

सुट्टीत सावद्याहून मामेबहीण सपना आली, तेव्हा प्रशीलनं तिला हे सगळं सांगितलं. सपनाचे वडील केळीच्या मळ्यांवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. तिचे हात लहानपणापासून तारांत होते. शिवाय प्रशीलला आणखी एक गोष्ट खटकत होती. गॅरेजवाला भिकनशेठ आठवड्यात दोनदा येऊन गेला होता. "मोतीभाऊ, ही गाडी डोळ्यांसमोर कशाला ठेवता? रविवारी टेम्पो आणतो, घेऊन जातो," असं तो म्हणत होता. मोतीलाल लगेच हो म्हणाले होते.

"भंगारात घालायला इतकी घाई कोण करतं?" प्रशीलनं विचारलं होतं.

"भंगारात नाही घालणार," सपना म्हणाली. "परवा दारात उभा राहून फोनवर बोलत होता. साक्रीच्या कॉलेजातला कुणी मुलगा घेणार आहे."

सपनानं जाड तारा आणल्या. लाल टोक लालला, काळं काळ्याला. ती शेवटचं टोक लावणार, इतक्यात कुंपणाजवळ पावलं वाजली.

वृषाली उभी होती. भटूची धाकटी बहीण. ती आणि प्रशील बालवाडीपासून एका वर्गात होते. दोघांची घरं शेजारीशेजारी, पण अपघातानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. शाळेत तिनं बाकही बदललं होतं.

"काय करताय?" तिनं विचारलं.

प्रशीलनं सपनाकडे पाहिलं. सपनाच म्हणाली, "गाडी का बंद पडली ते बघतोय."

"ती बंद पडलीच नव्हती. सगळे तसंच म्हणतात."

"म्हणून तर बघतोय."

वृषालीनं चेपलेल्या मडगार्डकडे पाहिलं. मग कुंपणाची फांदी बाजूला करून आत आली. "मला पण बघायचंय," ती म्हणाली. "खोटं निघालं तरी मला बघायचंय."

किल्ली फिरवल्यावर या वेळी मीटरचा दिवा लागला. हेडलाइट लागला. इंजिन मात्र नुसतंच घरघरलं. सपनानं टाकीतलं शिळं पेट्रोल नळीनं बाटलीत काढलं आणि प्रशीलला ताजं आणायला पिटाळलं. तो येईपर्यंत दोघींनी प्लग काढून काळा थर घासून टाकला. वृषालीच्या बोटांना काजळी लागली होती.

चौथ्यांदा बटण दाबलं आणि इंजिन धडधडलं. पत्रा थरथरला. प्रशीलनं घाबरून घराकडे पाहिलं. आई दळणाला गेली होती. खिडकीआड युवराज होता, पण तिथून काही हालचाल दिसली नाही.

त्यांनी गाडी बराच वेळ चालू ठेवली. ती बंद पडली नाही. सपनानं तारांचे जुडगे एकेक करून हलवले. सीट दाबली. स्टँड वरखाली केला. इंजिन एका सुरात चालत राहिलं.

"बघ," वृषाली म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "काही नाही झालं."

ती जायला वळली. प्रशील हँडलला धरून उभा होता. तिला वाट द्यायला तो मागे सरकला आणि त्याच्या हातातलं हँडल डावीकडे गेलं.

इंजिन बंद. दिवा बंद. सगळं एकदम शांत.

तिघंही जागच्या जागी थबकले.

"तू काय केलंस?" सपनानं विचारलं.

"काही नाही. हँडल फक्त..."

त्यानं हँडल सरळ केलं. मीटरचा दिवा पुन्हा लागला. डावीकडे नेलं, विझला. सरळ केलं, लागला. उजवीकडे नेलं तर काहीच झालं नाही.

सपनानं हँडलपुढचं झाकण उघडलं. किल्लीचा स्विच हँडलबरोबर फिरायचा आणि त्याच्या तारा खाली गाडीत जायच्या. सगळ्या तारा जुन्या, धुळीनं राखाडी झालेल्या होत्या. एकीवर मात्र नवी लाल टेप होती. सपनानं ती हलकेच उलगडली. आत दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या होत्या. तार आखूड पडली होती. हँडल डावीकडे गेलं की ती ताणायची आणि जोड सुटायचा.

"ही मेन तार आहे," सपना हळू आवाजात म्हणाली. "हिच्यातूनच सगळीकडे करंट जातो. इंजिनला आणि दिव्यांनाही."

"दादानं हे केलेलं नाही," प्रशील म्हणाला. "तो प्रत्येक जोड सोल्डरिंगचा डाग देऊन पक्का करतो. स्विच खराब झाला तेव्हा त्याची परीक्षा होती, म्हणून गाडी भिकनशेठकडे टाकली होती. अपघाताच्या आदल्याच आठवड्यात."

वृषाली खाली बसली. तिनं गुडघ्यांत डोकं घातलं. पत्र्याची धग अंगावर येत होती.

"पंपातून बाहेर पडताना डावीकडेच वळावं लागतं," ती शेवटी म्हणाली.

प्रशील घराकडे वळला. "पप्पांना आत्ता फोन करतो."

"थांब." वृषालीनं डोळे पुसले. गालावर काजळीचा फराटा उमटला. "ते म्हणतील, पोरांनीच तार तोडली. भिकनशेठ तर नक्की म्हणेल. आपण होतं तसं सगळं परत लावायचं. गाडी त्यालाच हातात घेऊ दे. त्याला हे माहीत असेल, तर तो हँडल डावीकडे नेणार नाही."

"आणि माहीत नसेल तर?" सपनानं विचारलं.

"तर सगळ्यांसमोर बंद पडेल. तसंही कळेलच. पण ही गाडी त्या साक्रीच्या मुलाला जाता कामा नये. त्याच्याही मागे कुणीतरी बसेल."

रविवारी भिकनशेठ टेम्पो घेऊन आला. मोतीलालांची सुट्टी होती. ते मागच्या ओट्यावर बसले होते, पण गाडीकडे बघत नव्हते. वृषालीनं आईला, भागाबाईंना, हात धरून कुंपणापर्यंत आणलं होतं. भागाबाई आत यायला तयार नव्हत्या.

"काका, टेम्पोपर्यंत चालू करूनच न्या," प्रशील म्हणाला. "बॅटरी चार्ज केलीय आम्ही."

"अरे वा! हुशार झालात की." भिकनशेठनं किल्ली फिरवली, बटण दाबलं. इंजिन चालू झालं. तो खूश झाला. गाडी चालू करून दाखवली की गिऱ्हाईकही खूश होणार होतं.

फाटक डाव्या हाताला होतं. पण भिकनशेठ गाडी वळवेना. हँडल सरळ धरून तो ती पायानं मागे रेटू लागला. चेपलेलं मडगार्ड चाकाला घासत होतं. थोडी मागे, थोडी पुढे, पुन्हा मागे.

"असं का करताय?" सपनानं विचारलं. "सरळ डावीकडे वळवा ना."

"जागा कमी आहे."

"जागा भरपूर आहे," वृषाली म्हणाली आणि पुढे होऊन तिनं हँडलला हात घातला. "मी वळवते."

"ए पोरी, डावीकडे नको. बंद पडेल ती!"

बोलून झाल्यावर भिकनशेठलाच ते ऐकू आलं असावं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. इंजिन धडधडत होतं.

मोतीलाल ओट्यावरून उठले. "भिकन, तुला कसं माहीत?"

"अंदाजानं म्हटलं, मोतीभाऊ. जुनी गाडी..."

मोतीलालांनी त्याला बाजूला केलं. हँडल स्वतःच्या हातात घेतलं आणि सावकाश डावीकडे वळवलं. गाडी बंद पडली. दिवा गेला. त्यांनी हँडल सरळ केलं, बटण दाबलं, पुन्हा वळवलं. पुन्हा बंद.

सपनानं झाकण काढून लाल टेप दाखवली. जोड कसा सुटतो ते तिनं नीट समजावून सांगितलं. मोतीलालांनी मध्ये एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही.

"नवा स्विच मिळत नव्हता," भिकनशेठ पुटपुटला. "दुसरा बसवला, त्याची तार आखूड होती. आला की करून देणारच होतो. गाडी देण्याआधी एकदा डावीकडे वळताना बंद पडली होती माझ्याकडे... मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

"अपघातानंतर तू दवाखान्यात आला होतास," मोतीलाल म्हणाले. "माझ्याशेजारी बसला होतास. मी पोराला बोलत होतो, तेव्हा तू ऐकत होतास."

भिकनशेठनं मान खाली घातली.

गाडी त्या दिवशी हलली नाही. मोतीलालांनी फोन करून पोलिसांना बोलावलं. त्यांनी तारेचे फोटो घेतले, भिकनशेठचा जबाब घेतला आणि त्याला बरोबर नेलं. जाताना हवालदार म्हणाले, "मुलांनो, तार होती तशी ठेवलीत, हे फार बरं केलंत. आता कोर्टात हिचा उपयोग होईल."

मोतीलाल मुलांसमोर येऊन उभे राहिले. "तुम्ही शाबासकीच्या लायकीचं काम केलंत," ते म्हणाले. "मी गाड्यांतला माणूस. पण मी साधं जाऊन बघितलंसुद्धा नाही." त्यांनी सपनाच्या आणि प्रशीलच्या डोक्यावर हात ठेवला. वृषालीसमोर मात्र त्यांनी हात जोडले. ती गोंधळली आणि तिनं त्यांचे हात खाली केले.

भागाबाई कुंपणातून कधी आत आल्या, ते कुणाला कळलं नाही. त्या कुणाशी न बोलता घरात शिरल्या. मागच्या खोलीत युवराज खिडकीला धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यांना पाहून तो धडपडत खाटेवर बसला.

"बठ्ठं ऐकं मी," भागाबाई अहिराणीत म्हणाल्या. "तुनी चूक नही व्हती."

युवराजचे खांदे हलू लागले. दारात प्रशीलची आई लिलाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

भागाबाई खाटेच्या कडेला बसल्या. "माले एक सांग," त्या म्हणाल्या. "कोणीच सांगत नही. शेवटी काय म्हने मना भटू?"

युवराजनं तळहातानं डोळे पुसले. "पंपाशेजारी टपरी होती, मावशी. तो म्हणाला, चहा घेऊ. मी म्हटलं, उशीर झालाय, घरी घेऊ. तो हसला. म्हणाला, घरी गेलो की आई आधी रागावणार आणि मग चहा देणार."

भागाबाईंच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच मोडलं.

"रागावतूच मी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दाराकडे मान वळवली. "लिलाबाई, चहा ठेव. पोरेसले बी दे."