वळणावरचे हिसके

"माझ्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स काढून भंगारातला बसवलाय," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच नर्सबाई म्हणाल्या. "आज चारला गॅरेजचा मालक त्या मेस्त्रीला कामावरून काढणार. माझी लेखी तक्रार तेवढी हवीय त्याला. पण वहिनी, खोटा आळ माझ्या हातून नको."

असल्या भानगडी सोडवणे हा वहिनींचा व्यवसाय. धाकटे दीर भाऊजी सोबतीला असत. त्यांनी मनातल्या मनात मेस्त्रीला केव्हाच दोषी ठरवले होते.

गाडी म्हणजे चौदा वर्षांची ठेंगणी एसयूव्ही. तिच्यातून नर्सबाई लांबच्या वस्त्यांवर रोगी तपासायला जात. आठ दिवसांपूर्वी ती चिखलात घसरून खड्ड्यात गेली, म्हणून गॅरेजात टाकली. परत आल्यापासून डांबरी रस्त्यावर वळण आले की खालून कण्हायची, हिसके द्यायची.

"आणि कच्च्या रस्त्यावर?" वहिनींनी विचारले.

"तिथे अगदी शहाण्यासारखी चालते. तेच तर कळत नाही."

गॅरेजच्या अंगणात पाऊल टाकताच भाऊजींची चप्पल खडीत रुतली.

"तक्रार आल्यावर तीनदा गिअरबॉक्सचं तेल काढून बघितलं, बाई," मेस्त्रीचा आवाज बसला होता. "ह्याच अंगणात वीस फेऱ्या मारल्या. एक हिसका नाही."

"चोर असंच बोलतो," भाऊजी कुजबुजले.

"भाऊजी, आधी चपलेतली खडी झटका." मग मेस्त्रीकडे वळून, "चारही चाकं जोडायचं बटण दाबलेलं नव्हतं ना?"

"दाबलेलं असतं तर दिवा पेटला असता. नव्हता पेटला."

घरी नर्सबाईंचे वडील गाडी पुसत होते. रोज सकाळी लेक निघायच्या आत इंजिन गरम करून ठेवणे हे त्यांचे काम.

"मेस्त्री कसा माणूस आहे, काका?"

"भला आहे हो," ते फडक्याकडे बघत म्हणाले. "त्याला कशाला काढतात?"

स्टिअरिंगमागच्या तबकडीच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा छोटासा तुकडा होता. "तिथला उजेड डोळ्यांना टोचतो," काका म्हणाले.

"चालवता तुम्ही?"

"छे. लायसन संपूनच किती वर्षं झाली."

साडेतीन वाजले होते. वहिनींनी नर्सबाईंना हाक मारली. "भाऊजी, काकांच्या हातात हात घालून ह्या खांबाला वळसा घाला. पावलं दोघांनी एकाच मापाची टाकायची."

अर्ध्या वळशातच भाऊजींचा खांदा पिळवटला. "अहो वहिनी, हात उखडेल माझा."

"गाडीचं हेच झालंय. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जावं लागतं. बटण दाबलं की दोन्ही जोड्या एकमेकींना बांधल्या जातात. चिखलात, खडीत चाक घसरून मोकळं होतं. डांबर धरून ठेवतं, मग ताण खालच्या दांड्यांवर. म्हणून मेस्त्रीला अंगणात काही सापडलं नाही. दिवा का दिसला नाही, ते बघा."

त्यांनी पट्टी सोलून किल्ली फिरवली. हिरवा दिवा पेटला.

"जो गाडी चालवत नाही, त्याला हा दिवा कसा टोचेल, काका?"

काका पायरीवर बसले. "त्या दिवशी ती चिखलात बटण दाबायचं विसरली. म्हटलं, रोज आपणच दाबून ठेवावं. दिवा दिसला असता तर तिने बंद केलं असतं, म्हणून ती पट्टी. मेस्त्रीवर येईल असं वाटलं नव्हतं. आल्यावर बोलायची लाज वाटली."

नर्सबाईंनी आधी मालकाला फोन लावला, मग मेस्त्रीला. पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके आले.

"देव पावला," भाऊजी म्हणाले आणि खांदा चोळत बसले.

"मग सकाळी मी काय करू?" काकांनी हळूच विचारले.

"इंजिन गरम करा, बाबा. तेवढंच." नर्सबाई त्यांच्याशेजारी टेकल्या. "आणि वस्तीवर पोहोचले की मी फोन करत जाईन."