फिल्टरमधलं मेण

"माझा भाऊ तसा नाही हो, साहेब," ताई पुन्हा म्हणाली.

गुप्तहेर आणि त्यांचा मेहुणा, दोघांचंही अंग प्रवासानं आंबलं होतं. हकीकत मात्र सरळ होती. तिचा भाऊ गावचा पाण्याचा पंप चालवायचा. पंप बायोडिझेलवर चाले आणि ते गावच्याच कारखान्यात, रानबियांच्या तेलापासून बने. परवा पहाटे कडाक्याची थंडी पडली आणि पंप गुदमरला. फिल्टर पांढऱ्या मेणानं गच्च भरला होता. भावाच्या खोलीत मेणबत्तीचे तुकडे सापडले आणि तो कोठडीत गेला.

"चहा घ्या," ताई म्हणाली. "सोबत तळून काही देता येत नाही. हल्ली दुकानात तेल डोळ्यांना दिसत नाही."

ते कारखान्यावर गेले, तर मॅनेजर घुश्शातच होता. "पगार वाढवला नाही, म्हणून मेणबत्त्या वितळवून ओतल्या त्यानं!"

पंपाच्या गार फिल्टरमधलं मेण खरवडून गुप्तहेरांनी बाटलीत भरलं. मेहुण्यानं ती कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

"बिया येतात ना?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"घाण्याला उसंत नाही, साहेब."

घाण्याच्या तोंडावर कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं. "यालाही पगारवाढ हवी असेल," मेहुणा पुटपुटला.

"मला काही विचारू नका," घाण्यावरचा म्हातारा म्हणाला आणि मागच्या अंगणात निघून गेला. तिथं कोऱ्या पत्र्याच्या चौकोनी डब्यांत फुलझाडं लावली होती.

संध्याकाळी मॅनेजरच्या खोलीत सगळे जमले. फौजदारही आले.

"बाटली दे," गुप्तहेर म्हणाले.

मेहुण्यानं बाटली काढली. आत पातळ, पिवळं तेल हिंदकळत होतं. "भावोजी, शपथ, मी उघडलीसुद्धा नाही!"

"ठाऊक आहे. पण मेणबत्ती खिशाच्या उबेनं वितळते का कधी?"



"हे मेण नव्हेच. पामतेलाचं डिझेल थंडीत असं थिजतं, रानबियांचं एवढ्या थंडीत थिजत नाही. बिया येतच नाहीत, हे घाण्यावरचं जाळं सांगतं. अंगणातले डबे खायच्या पामतेलाचे आहेत. दुकानातलं तेल कुठं गेलं, तेही कळलं. आणि मेणबत्ती काय, वीज गेली की प्रत्येक घरात लागते."

मॅनेजर खुर्चीत बसला. "खडकाळ माळावर, पाण्याशिवाय ही रानबियांची झाडं येतात, असं सांगितलं होतं आम्हाला. वाळून गेली सगळी. पंप थांबला असता तर गाव पाण्यावाचून मेलं असतं. मी करू तरी काय?"

"जे केलंत ते कबूल करायचं. गरिबाच्या पोराला कोठडीत नव्हतं घालायचं."

फौजदारांनी सुटकेचा हुकूम दिला. ताईनं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "म्हणजे आमच्या कढईतलं तेल पंपात जळत होतं?"

"हो."

"आणि आता नाही जाळलं, तर पाणी?"

 

ताईनं उत्तराची वाट पाहिली नाही. घाण्यामागच्या अंगणात जाऊन एका डब्यातलं झाड तिनं मातीसकट अलगद उपसून ठेवलं आणि रिकामा डबा कमरेवर घेतला.

"भावाला आणते," ती म्हणाली. "मग दोघं नदीवर जातो. पाणी भरायचंय."