डीकन कुणाचा

मला त्या दुपारी फक्त एक पिशवी आणायची होती. मिसेस थर्लोंच्या मागच्या ओसरीत खुंटीला टांगलेली जाळीची पिशवी. ती घ्यायची, दार लावायचं आणि ग्रेंजच्या, म्हणजे गावच्या शेतकरी संघाच्या, हॉलवर त्यांच्या स्मृतिसभेला पोचवायची, एवढंच काम. ते करायला गावात पुष्कळ जण तयार होते. पण पिशवीतल्या वस्तूंना हात लावायचा नसतो, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

मिसेस थर्लो रहस्यकथा लिहायच्या. त्यांच्या पुस्तकांत माणसं भराभर मरतात. कुणी विषाने, कुणी दोराने, कुणी गोठलेल्या तळ्याखाली. कुत्रं मात्र एकही मरत नाही, त्याला साधं खरचटतही नाही. त्या जिवंत होत्या तोवर आमच्या बंदरातली माणसं त्यांना ‘ती कुत्रेवाली’ म्हणायची. सप्टेंबरात त्या गेल्या आणि हंगाम संपून शेवंडांचे पिंजरे पाण्याबाहेर निघायच्या आत त्या ‘आमच्या ऑगस्टा’ झाल्या. मरणाने माणूस मोठा होतो म्हणतात. मला तर उरलेली माणसं लहान झालेली दिसली.

त्यांचा शेवटचा कुत्रा डीकन. काळा, उंच पूडल. त्या दवाखान्यात गेल्या तेव्हापासून तो शेजारी आमच्याकडे होता, माझ्या खोलीत झोपत होता. मी वर्गात बोलत नाही. घरीही लागेल तेवढंच बोलते. डीकनशी मात्र मी बोलायचे. त्याला माझ्याकडून नेऊ नये, एवढीच माझी त्या वर्षीची इच्छा होती. ती मी आईखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

आणि त्याला न्यायला लिनेट आली होती. मिसेस थर्लोंची भाची, बोस्टनची. मावशीकडे ती कधी राहायला आल्याचं मला आठवत नाही, कारण तिला कुत्र्याच्या केसांनी शिंका येत. आता पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघणार होत्या आणि लिनेट डीकनला घेऊन गावोगावी दुकानांत बसणार होती. पुस्तक घेईल त्याला कुत्र्याबरोबर फोटो.

“हे बघ एडी, तू गुणी मुलगी आहेस,” आमच्या स्वयंपाकघरात बसून ती मला म्हणाली होती. “पण हा साधा कुत्रा राहिला नाही गं आता. हा ब्रँड आहे.”

“ब्रँडला जुलाब झाले की अंगणात घेऊन उभं राहावं लागतं,” आई भांडी पुसता पुसता म्हणाली. “थंडीत.”

“त्याला माणूस ठेवीन मी.”

“ठेव की. मग त्या माणसाचाच होईल तो.”

तो मला मिळावा, असं आईने उघड म्हटलं. मिसेस थर्लोंनी डीकनविषयी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं. मग वाचक मंडळाच्या अध्यक्षा मिसेस कोबर्न यांना कल्पना सुचली. लिनेट की मी, याची निवड स्मृतिसभेत सगळ्यांसमोर डीकननेच करायची. जुन्या रहस्यकथेत शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतात ना, अगदी तसं, असं त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मिसेस थर्लोंना तसले शेवट आवडत नसत. आळशी लेखक गुन्हेगाराला शोधत नाही, जेवायला बोलावतो, असं त्या म्हणायच्या. हे मंडळात कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. मंडळ पुस्तकांवर सह्या घ्यायचं.

निवडीची रीत मात्र खरी होती. कुत्र्यांच्या स्पर्धेत वासाची एक परीक्षा असते. कातड्याने मढवलेल्या, डंबेलच्या आकाराच्या लहान दांड्या जमिनीवर मांडतात. सगळ्या सारख्या. त्यातली एकच मालकाने तळहातात धरून चोळलेली असते. कुत्र्याने ती हुंगून शोधायची, तोंडात धरून आणायची, मालकासमोर ताठ बसायचं, वर त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि मागितली की सोडायची. बाकीच्या दांड्यांना कुणाचाच वास नको, म्हणून त्या आधी वाऱ्यावर टांगून ठेवतात आणि चिमट्याने उचलतात. मिसेस थर्लोंच्या दांड्या त्या आजारी पडल्यापासून ओसरीत लटकत होत्या. वारा, धुकं, मीठ, सगळं त्यांच्यातून गेलं होतं.

मी डीकनला घेऊन त्या घरात शिरले तेव्हा दुपार असूनही आत दिवेलागणीसारखं होतं. बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं आणि खाडीच्या तोंडाशी बोटींना इशारा द्यायला तरंगत ठेवलेली घंटा लाटेबरोबर मधूनच वाजत होती. घराला बंद घराचा वास होता. ओली लोकर, थंड राख आणि त्याखाली काहीतरी गोडसर, जुन्या पुस्तकांचं असावं तसं. आदल्या दिवशी लिनेटने डीकनला दुकानात नेऊन भादरून आणलं होतं. कंबर उघडी, चारही पायांत केसांचे गोळे, शेपटीला फुगा. मिसेस थर्लोंनी त्याला कधी असं केलं नव्हतं. त्याला थंडी वाजत होती.

स्वयंपाकघरात तो माझ्या हातातून सुटला. पळाला नाही. चार पावलं गेला आणि चुलीपाशी बसला, सरळ, अंग जरासं उजवीकडे टेकवून. कुणाच्या तरी डाव्या पायाला टेकून बसावं तसा. तिकडे टेकायला काहीच नव्हतं.

“डीकन,” मी म्हणाले.

त्याने कान हलवला, पण माझ्या बाजूचा नाही.

मी भूतबित मानत नाही. आमच्या गावात दर घराला एक भूत आहे आणि उन्हाळ्यात पाहुणे आले की त्याची गोष्ट ठरल्या जागी घाबरून सांगतात. थंडीमुळे तो असा बसला असेल, असं मी ठरवलं. ओसरीतली पिशवी काठीला अडकवून घेतली, डीकनचा पट्टा धरला आणि निघाले. दारापर्यंत तो माझ्यापासून हातभर अंतर ठेवून चालला. दोघांच्या मधून तिसऱ्याला चालता येईल एवढं.

हॉल भरला होता. मंडळाच्या बायकांनी छातीवर डीकनच्या तोंडाचे बिल्ले लावले होते. पुष्कळांनी आपापली कुत्री आणली होती, त्यांना स्वेटर घातले होते, आणि अंड्याच्या सँडविचचा आणि ओल्या कोटांचा वास एकत्र झाला होता. ज्या बाईने मिसेस थर्लोंच्या कुत्र्यांवर पोलिसांत तक्रार केली होती, ती पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसली होती. रुमालाला इस्त्री होती.

“आण गं बाळा, आण,” मिसेस कोबर्न माझ्याकडे धावत आल्या. “अगंबाई, किती धुळकट. पुसून छान मांडू या का फुलांपाशी?”

“त्या दांड्यांना बोट लावून तर बघा, बेव्हर्ली,” मागून आवाज आला. “बोट शिल्लक राहणार नाही.”

ते मिस्टर डुसेट होते, कुत्र्यांच्या क्लबचे म्हातारे परीक्षक. ते वर्षानुवर्षं मिसेस थर्लोंशी भांडत आले होते, म्हणजे त्यांचे एकमेव मित्र होते. त्यांनी माझ्याकडून पिशवी घेतली आणि हळूच विचारलं, “तू हात लावला नाहीस ना?”

मी ‘नाही’ अशी मान हलवली.

“शहाणी आहेस. इथे तू आणि तो कुत्रा, दोघंच.”

भाषणं झाली. मिसेस कोबर्न म्हणाल्या, ऑगस्टा आज आपल्यातच आहे. असं बोलायची पद्धत असते. खरंच कुणी येऊन बसेल अशी ज्यांना भीती असते ते असं बोलत नाहीत. मग लिनेटने मावशीविषयी सांगितलं, त्यात तीन वेळा स्वतःविषयी सांगितलं आणि टाळ्या झाल्या.

मिस्टर डुसेटनी चिमट्याने दांड्या लाकडी फरशीवर मांडल्या. प्रत्येक दांडी टेकताना ‘टक्’ असा आवाज येत होता. शेवटची एक त्यांनी दूर, कोटांच्या खुंट्यांजवळ ठेवली. “ही कुणासाठी नाही. तो नीट शोधतो की नाही ते बघायला,” ते म्हणाले. लिनेटने एक दांडी हातात घेतली, आईस्क्रीमचा कोन धरावा तशी दोन बोटांत, आणि चोळून परत दिली. ती बाकीच्यांत मिसळली.

डीकन गेला. एकेक हुंगत लिनेटच्या दांडीशी आला, थांबला, शिंकला आणि पुढे गेला. मोकळ्या तोंडाने परत येऊन बसला.

लोक हसले. लिनेटही हसली. “मूडमध्ये नाही स्वारी.”

मग माझी पाळी. मी दांडी दोन्ही तळहातांत दाबून धरली. माझे हात घामाने ओले झाले होते आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं. इतके लोक माझ्याकडे बघत असताना मी मोठ्याने बोलू शकत नाही. मी ओठांतच म्हणाले, “शोध.”

डीकन सरळ माझ्या दांडीपाशी गेला. मी ओळखलं, कारण त्याची शेपूट हलली. त्याने नाक खाली नेलं, तोंड उघडलं. तो माझा झाला होता. मी श्वास सोडला.

आणि तेवढ्यात हॉलमधली कुत्री गप्प झाली.

तोवर ती गप्प नव्हती हे मला तेव्हा कळलं. धापा, खाजवणं, गळ्यातल्या बिल्ल्यांची किणकिण, सगळं एकदम थांबलं. समुद्रावरची घंटा ऐकू येऊ लागली. डीकनने डोकं वर केलं. माझी दांडी तिथेच सोडली. खोली ओलांडून तो त्या दूरच्या, कुणाच्याच नसलेल्या दांडीकडे गेला. तिला हुंगली नाही. उचलली.

तो माझ्यासमोरून गेला. मी हात पुढे केला होता. त्याने तो पाहिला आणि वळसा घातला. भिंतीपाशी, जिथे कोट टांगले होते तिथे, मोकळ्या जागेसमोर तो ताठ बसला आणि त्याने वर पाहिलं.

“डीकन…” लिनेट म्हणाली.

“गप्प बसा,” मिस्टर डुसेट कुजबुजले.

तो वाट बघत होता. त्याची शेपटी फरशीवर संथ फिरत होती. मग कुणीतरी मागितल्यासारखं त्याने तोंड उघडलं.

‘टक्’ झालं नाही.

मी कान लावून होते. दांडी त्याच्या तोंडात नव्हती आणि खाली पडल्याचा आवाज आला नव्हता. डीकन उठला, मोकळ्या जागेला मागून वळसा घालून डाव्या बाजूला बसला आणि अंग टेकवून स्वस्थ झाला.

“सगळं बरोबर केलं त्याने,” मिस्टर डुसेट म्हणाले. “अगदी सगळं…”

मग मिसेस कोबर्ननी टाळी वाजवली. “किती गोड,” त्या म्हणाल्या. “अजून शोधतोय बिचारा तिला.” आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला, नाकं पुसू लागला, फोन वर करून फोटो काढू लागला. त्यांच्या अंगावरचा एक केससुद्धा उभा राहिला नाही. बिल्ले लावलेली ती माणसं जिच्यावर प्रेम करतो म्हणत होती, ती ऑगस्टा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर उभी होती, आणि त्यांना सँडविच पुरतील का याची काळजी होती. दांडी मी आणि मिस्टर डुसेट शोधत होतो. कोटांखाली, बाकांखाली. ती मिळाली नाही. अजून मिळालेली नाही.

“पुरे झाला तमाशा,” लिनेट म्हणाली आणि डीकनला न्यायला भिंतीपाशी गेली. तिने त्याच्या गळ्याच्या पट्ट्याकडे हात नेला आणि तापल्या तव्याला लागावा तसा मागे घेतला.

“काय झालं?” मी विचारलं.

ती तळहात स्कर्टला पुसत राहिली. “पट्ट्यावर आधीच कुणाचा तरी…” असं म्हणून ती थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तूच ने त्याला. मला नको.” त्याच संध्याकाळी ती बोस्टनला गेली. शिंका येतात, असं तिने मिसेस कोबर्नना सांगितलं. त्यांनी ते मानलं. त्या काहीही मानतात.

तर आता डीकन माझा आहे. हे मला हवं होतं आणि मिळालं. त्याचे केस पुन्हा वाढताहेत. मिस्टर डुसेटनी मला नव्या दांड्या दिल्या आहेत आणि रोज शाळेतून आल्यावर मी परसात त्याचा सराव घेते. तो एकदाही चुकत नाही. खरं म्हणजे मी शब्द उच्चारायच्या आतच तो निघतो. माझा आवाज बारीक आहे, म्हणून आधी मला त्याचं कौतुक वाटायचं.

दांडी आणून तो माझ्यासमोर ताठ बसतो आणि नियमाप्रमाणे वर पाहतो. पण माझ्या तोंडाकडे नाही. पहिल्या दिवशी तो माझ्या डोक्याच्या बराच वर, मागे बघत होता. मिसेस थर्लो उंच होत्या. मी वळून पाहिलं नाही. आईने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, “कुणीच नाही गं, तू एकटीच आहेस.” तिने खोटं सांगितलेलं नाही.

पण हल्ली त्याची नजर तेवढी वर जात नाही. रोज थोडी खाली येते, सावकाश, कुणीतरी मागून वाकत असावं तशी. गेल्या आठवड्यात ती माझ्या केसांपाशी होती.

आज माझ्या कानापाशी आहे.